ठरवलेला रंग पिल्लांत उतरत नाही, तेव्हा काय तपासायचं

दोन ब्लू, म्हणजे पाटीसारख्या राखी रंगाच्या, कोंबड्यांची जोड लावली आणि निम्मी पिल्लं काळी किंवा मळकट पांढरी निघाली. पांढरा कोंबडा, पांढऱ्याच कोंबड्या, आणि नातवंडांत अचानक रंगीत पीस. पट्टेरी जोडीच्या पोटी साध्या काळ्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या. रंगासाठी घरी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात, आणि दर वेळी खापर एकाच गोष्टीवर फुटतं: वाण शुद्ध नव्हता. कधीकधी तो खरंच शुद्ध नसतो. पण नवे पक्षी आणण्याआधी एवढं पाहावं की बाप नक्की तोच होता का, पिल्लू रंग ओळखण्याच्या वयाचं झालंय का, आणि लावलेल्या जोडीतून हवा तो रंग हव्या त्या प्रमाणात मिळणं मुळात शक्य होतं का. बहुतेक गोंधळ इथेच सुटतो. क्रमही हाच ठेवावा, कारण पहिल्या दोन गोष्टी तपासायला नुसता धीर लागतो.

बाप भलताच निघतो

कोंबडीच्या अंडनलिकेत शेवटच्या टप्प्यावर बारीक नळ्या असतात आणि त्यांत शुक्राणू साठून राहतात. एकदा मीलन झालं की पुढे दोन आठवडे, कधी तीनही, फलित अंडी येत राहतात. त्यामुळे जुना कोंबडा काढून नवा सोडला आणि आठवड्याभरात अंडी उबवायला ठेवली, तर पिल्लं मिसळलेली निघणारच. नव्या कोंबड्याचे शुक्राणू बरेचदा वरचढ ठरतात हे खरं, पण त्या भरवशावर रंगाची नोंद ठेवता येत नाही.

जुना कोंबडा हलवल्याच्या दिवसापासून 28 दिवसांची अंडी खाण्यात घालवावी आणि त्यानंतरचीच उबवायला घ्यावी. नवा कोंबडा या काळात आधीच सोडला तरी हरकत नाही. मात्र तो सोडल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्यावा. एक अंडं पूर्ण व्हायला साधारण 25 तास लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं अंडं त्याच्या मीलनाआधीच बनायला लागलेलं असतं.

दुसरी गफलत घरच्याच तरण्या कोंबड्यांची. चार-पाच महिन्यांचा, अजून नीट आरवताही न येणारा नर कळपात फिरत असतो आणि त्याला कोणी मोजत नाही. रंगासाठी जोड लावायची तर कप्पा बंदिस्त हवा, वरून जाळी हवी, आणि दिवसभर मोकळं सोडून संध्याकाळी कोंडण्याची पद्धत तेवढ्या काळापुरती बंद हवी.

बाप पक्का झाला तरी आई ठाऊक नसते, आणि एका कप्प्यात पाच कोंबड्या असतील तर नको तो गुण कोणीकडून आला हे कळायला मार्ग उरत नाही. यावर खात्रीचा उपाय सापळा घरट्याचा: कोंबडी आत गेली की दार पडतं, अंडं घालून झालं की आपण सोडायचं. दिवसातून चार-पाच वेळा चक्कर मारणं शक्य असेल तरच हे बसवावं, नाहीतर कोंबडी उन्हाळ्यात आत घुसमटते. जमत नसेल तर उबवणीपुरती अंडी जमेपर्यंत एकेक कोंबडी कोंबड्यासोबत वेगळी ठेवावी. अंड्यावर शिसपेन्सिलीने कोंबडीचा क्रमांक आणि तारीख लिहावी. मार्कर वापरू नये, त्याची शाई कवचाच्या छिद्रांतून आत जाऊ शकते. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं की प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या पिशवीत किंवा कप्प्यात ठेवावी, म्हणजे फुटल्यावर पिल्लं मिसळत नाहीत.

पिल्लांना ओळख देण्यासाठी बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडण्याची जुनी पद्धत आजही सगळ्यांत टिकाऊ आहे. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे 16 वेगवेगळ्या खुणा होतात. पहिल्या दोन दिवसांतच हे करावं आणि छिद्रातला तुकडा पूर्ण निघाला ना ते पाहावं, नाहीतर ते पुन्हा भरून येतं. पायात प्लास्टिकची रिंग घातली तर ती वाढीप्रमाणे बदलत राहावी लागते. एक दिवसाच्या पिल्लाची रिंग महिन्याभरात पायात रुतते, आणि तेव्हा रंगापेक्षा पाय वाचवण्याची वेळ येते.

घाईने केलेला निवाडा

काळं पिल्लू पूर्ण काळं नसतं. गळा, पोट आणि पंखांची टोकं पिवळट पांढरी असतात, आणि पहिल्या पिसांत पंखाच्या टोकाला एखाददुसरं पांढरं पीसही येतं. हे पाहून ‘कबरं निघालं’ म्हणून चांगली काळी पिल्लं बाजूला काढली जातात. पुढच्या पीसझडीत ते पांढरं बहुतेक निघून जातं. ब्लू पिल्लू राखी दिसतं, स्प्लॅश, म्हणजे ब्लूहूनही फिकट रंगाचं पिल्लू, फिकट चंदेरी किंवा मळक्या पांढऱ्या लवेचं. फिकट ब्लू आणि गडद स्प्लॅश यांत पहिल्या दिवशी भल्याभल्यांची फसगत होते. सहा आठवड्यांनी, पाठीवर खरी पिसं आली की हा प्रश्न उरत नाही.

कोंबड्याच्या बाबतीत तर सहा महिने थांबावंच लागतं. मानेवरची आणि कमरेवरची लांब, टोकदार पिसं सगळ्यांत शेवटी येतात आणि तांबूस किंवा सोनेरी झाक नेमकी तिथेच उमटते. तीन महिन्यांचा काळाभोर नर पाहून जोडीसाठी निवडणं म्हणजे पाकीट न उघडता पत्र वाचणं. पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी सावलीत एकाच जागी फोटो काढून ठेवावा. उन्हातल्या फोटोत काळ्यावरची हिरवी चकाकी आणि तांबूस झाक यांतला फरक कळत नाही.

ब्लू जोडीतून सगळी ब्लू का येत नाहीत

आधी ब्लू म्हणजे काय ते स्पष्ट असू द्या. पाटीसारखा राखी रंग, पिसाच्या कडेला गडद किनार. तो काळ्यावर पाणी पडल्यासारखा आहे. फिकट करणाऱ्या जनुकाची एक मात्रा, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच प्रत, आली की ब्लू, दोन आल्या की स्प्लॅश, एकही नाही तो काळा. म्हणून ब्लू रंग पक्का करता येत नाही. कितीही पिढ्या निवड करा, ब्लूच्या पोटी काळे आणि स्प्लॅश येतच राहणार. ब्लू अँडालुशियन ही कोंबडीची जात याच गोष्टीसाठी आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकांत आलेली आहे. जोड्यांचा हिशोब असा:

ब्लू × ब्लू: 25 टक्के काळी, 50 टक्के ब्लू, 25 टक्के स्प्लॅश
ब्लू × काळा: निम्मी ब्लू, निम्मी काळी
ब्लू × स्प्लॅश: निम्मी ब्लू, निम्मी स्प्लॅश
काळा × स्प्लॅश: सगळी ब्लू
स्प्लॅश × स्प्लॅश: सगळी स्प्लॅश

सगळी पिल्लं ब्लू हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश ही एकच जोड आहे. नर कोणत्या रंगाचा यानं फरक पडत नाही. ब्लू जोडीतून निघालेली काळी पिल्लं विकून टाकायची सवय मोडावी. त्या काळ्या पक्ष्यात ब्लूची एकही मात्रा लपलेली नसते, तरी अंगलट आणि तुरा आपल्याच ओळीचा असतो. स्प्लॅशला जोड म्हणून बाहेरच्या काळ्यापेक्षा तोच बरा.

आता टक्क्यांविषयी. 25 टक्के म्हणजे दर चार पिल्लांत एक असं गृहीत धरून आठ पिल्लांत एकही स्प्लॅश नाही म्हणून काहीतरी चुकलं असं मानू नये. ब्लू जोडीच्या आठ पिल्लांत एकही स्प्लॅश न येण्याची शक्यता 10 टक्के आहे, म्हणजे सरासरी दहा उबवण्यांत एकदा हे होतं. आठांत एकही ब्लू नाही, असं मात्र 256 वेळांत एकदा होईल. तेव्हा पालक पुन्हा तपासायला हरकत नाही.

ब्लू फिकट पडत चाललाय, किनार दिसेनाशी झालीय, ही तक्रार वेगळी. ब्लू × स्प्लॅश आणि ब्लू × ब्लू याच जोड्या पिढ्यानपिढ्या चालवल्या की असं होतं, कारण गडद करणारी इतर जनुकं निवडली जातायत की नाही हे फिकट पिसावर दिसतच नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला हिरवी चकाकी असलेला, गडद डोळ्यांचा काळा पक्षी घालावा.

ब्लू समजून लॅव्हेंडर

लॅव्हेंडर दिसायला फिकट राखी, पण अंगभर एकसारखा. किनार नाही. ब्लू फक्त काळ्या रंगद्रव्याला फिकट करतो, लॅव्हेंडर तांबड्यालाही गवताच्या काडीसारखं पिवळट करतो. वागणूकही उलटी: लॅव्हेंडर अप्रभावी आहे, दोन मात्रा असल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे लॅव्हेंडर × लॅव्हेंडर सगळी लॅव्हेंडरच, आणि लॅव्हेंडर × काळा सगळी काळीच निघतात. ‘ब्लू’ म्हणून घेतलेल्या पक्ष्याची शंका असेल तर त्याला काळ्याशी लावावं. निम्मी पिल्लं राखी निघाली तर ब्लू. सात-आठ पिल्लं झाली आणि सगळी काळी, तर तो बहुधा लॅव्हेंडर.

काळा पक्षी लॅव्हेंडर वाहतोय का, म्हणजे त्याची एक मात्रा लपवून आहे का, हे पाहायचं तर त्याला लॅव्हेंडरशीच लावावं. वाहक असेल तर निम्मी पिल्लं लॅव्हेंडर येतील. सात पिल्लं काळी निघाली तर तो वाहक असण्याची आणि आपल्याला चकवा बसण्याची शक्यता 128 मध्ये एक. हीच चाचणी दोन संशयित काळ्यांच्या जोडीवर करायची झाली तर तेवढ्या खात्रीसाठी 17 पिल्लं लागतात, कारण तिथे प्रमाण पावच असतं.

या रंगात एक दोष नेहमी मागे लागतो: शेपटीची आणि पंखांची पिसं फाटक्या झाडूसारखी विसकटलेली. खाणं सुधारून ते जात नाही. लॅव्हेंडरला घट्ट पिसांच्या काळ्याशी लावावं, त्या काळ्या वाहक पिल्लांतली नीट शेपटीची ठेवावी, आणि ती पुन्हा चांगल्यात चांगल्या पिसांच्या लॅव्हेंडरशी लावावी. दोन पिढ्यांत फरक दिसतो. पण मग लगेच लॅव्हेंडर × लॅव्हेंडरवर येऊन राहिलं की दोष परत डोकं वर काढतो.

ब्लू आणि लॅव्हेंडर एकाच कप्प्यात कधीच ठेवू नयेत. दोन्ही जनुकं एका पक्ष्यात आली की दिसतं काहीतरी तिसरंच, आणि त्या ओळीचा गुंता सोडवायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात नवी ओळ उभी राहते.

पांढऱ्यातून रंगीत

पांढरा हा मुळात रंग नव्हे, झाकण आहे. आणि झाकणं निदान तीन प्रकारची असतात.

प्रभावी पांढरा काळं रंगद्रव्य अडवतो. तांबड्यावर त्याचा विशेष जोर चालत नाही, म्हणून तांबूस वाणात तो पडला की काळ्याच्या जागी पांढरं आणि बाकी तांबडं तसंच, असा पक्षी मिळतो. एकच मात्रा असेल तर पांढऱ्यावर इकडेतिकडे काळे ठिपके सुटतात. व्हाइट लेगहॉर्न याच प्रकारचा. अप्रभावी पांढऱ्याच्या दोन मात्रा लागतात, पण त्या आल्या की काळं, तांबडं सगळंच थांबतं. तिसरा प्रकार चंदेरी जनुक आणि काळं आवरून धरणाऱ्या जनुकांनी मिळून झालेला असतो. लांबून पांढरा, पण मानेच्या किंवा शेपटीच्या पिसांत काळी रेघ सापडते.

गोंधळ होतो तो पहिल्या दोघांची गाठ पडते तेव्हा. प्रभावी पांढरा × अप्रभावी पांढरा, पहिली पिढी सगळी पांढरी, फार तर थोडे ठिपके. मालक निश्चिंत. त्या भावंडांची आपसांत जोड लागली की पुढच्या पिढीत 16 मध्ये 3 रंगीत निघतात. हे 13:3 प्रमाण दिसलं तर बाहेरचा कोंबडा शोधत बसू नये, दोन्ही झाकणं घरातच आहेत. रंगीत पिल्लांवर पट्टे दिसले तरी दचकू नये. व्हाइट लेगहॉर्नच्या पांढऱ्याखाली पट्ट्याचं जनुक बरेचदा दडलेलं असतं.

कोणता पांढरा हे ओळखायला शुद्ध काळ्याशी जोड लावावी. पिल्लं पांढरी, ठिपकेदार निघाली तर प्रभावी. सगळी काळी किंवा रंगीत निघाली तर अप्रभावी. निम्मी-निम्मी असतील तर आपला पांढरा प्रभावीची एकच मात्रा बाळगून आहे, आणि त्याच्या पुढच्या जोड्यांतही रंगीत पिल्लं येऊ शकतात.

चुकीची पिल्लं सगळी माद्याच आहेत का?

हा प्रश्न आधी विचारला तर निम्मं काम होतं. नर-मादी ठरवणारी झेड गुणसूत्रं कोंबड्याकडे दोन, कोंबडीकडे एकच. कोंबडी आपलं झेड फक्त मुलांना देते, मुलींना ते बापाकडून मिळतं. पट्टे, चंदेरी-सोनेरी आणि चॉकलेट ही जनुकं या झेडवर बसलेली आहेत.

म्हणून पट्टेरी कोंबडीला साधा काळा कोंबडा लावला की मुलगे पट्टेरी, मुली साध्या. आणि पट्टेरी जोडीतून साध्या तलंगा निघत असतील, नर मात्र एकूण एक पट्टेरी असतील, तर कोंबड्याकडे पट्ट्यांची एकच मात्रा आहे. कोंबडीला दोष देऊ नये, तिच्याकडे लपवायला जागाच नाही: जे दिसतं तेवढंच तिच्यात असतं. दोन मात्रांचा कोंबडा फिकट दिसतो, काळी आणि पांढरी पट्टी जवळपास सारख्या रुंदीची. एक मात्रेचा नर कोंबडीइतकाच गडद असतो, आणि नेमका तोच ‘काय उठावदार आहे’ म्हणून निवडला जातो! शंका असेल तर साध्या काळ्या कोंबड्यांशी लावून सात-आठ पिल्लं काढावी. एक जरी साधं निघालं तरी तो बाद.

चंदेरीतही तसंच. एक मात्रेच्या चंदेरी कोंबड्याच्या मानेवर पिवळसर, वाळक्या गवतासारखी छटा येते आणि त्याच्या निम्म्या मुली सोनेरी निघतात. चॉकलेट अप्रभावी असल्यामुळे दिशा महत्त्वाची: चॉकलेट कोंबडा × काळी कोंबडी लावली तर मुली लगेच चॉकलेट आणि मुलगे काळे वाहक. उलट लावली तर सगळीच काळी, आणि रंग गेला असं वाटून ओळ मोडली जाते. खरं तर तो सगळ्या मुलांत आहे.

काळ्या-ब्लू कोंबड्यावर तांबूस झाक

ही सगळ्यांत चिवट तक्रार. मान, खांदा आणि कमर इथे तांबडं किंवा सोनेरी सुटतं. काळा रंग पसरवणाऱ्या जनुकाची एकच मात्रा असणं किंवा त्याला साथ देणारी गडद करणारी जनुकं कमी पडणं, ही यामागची कारणं. अडचण अशी की तीच जनुकं घेऊन फिरणारी कोंबडी बहुतेक वेळा निष्कलंक काळी दिसते. त्यामुळे झाक असलेला नर काढला, बहिणी ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कोंबडीची पारख तिच्या भावांवरून आणि मुलांवरून करावी. ज्या कोंबडीच्या सहा महिन्यांच्या मुलांपैकी दोघांवर झाक आहे, तिची अंडी उबवणीतून वगळावी. कोणती कोंबडी कोणाची आई हे लिहिलेलं नसेल तर हे करताच येत नाही. सापळा घरट्याची कटकट इथेच वसूल होते. झाक घालवायला तीन-चार पिढ्या धरून चालावं.

जनुकांचा संबंध नसतो तेव्हा

एखाददुसरंच पीस पांढरं आलं असेल आणि आधीच्या वर्षी ते गडद होतं, तर ते टोच किंवा जखमेचं लक्षण असू शकतं. पिसाचं मूळ दुखावलं की तिथे रंग भरत नाही. पांढऱ्या पक्ष्याच्या पाठीवर पिवळट झळाळी, काळ्याच्या पंखांवर तपकिरी छटा: ऊन आणि पाऊस. पीसझड संपल्यापासून सावलीत ठेवलेल्या भावंडाशी तुलना करावी.

बऱ्याच पक्ष्यांच्या पंखांच्या पिसांत एकाच वेळी फिकट पट्टे आले असतील तर खाणं पाहावं. लायसिन, फोलिक आम्ल, लोह, तांबं यांच्या कमतरतेनं गडद पिसांतला रंग उतरतो. समतोल खाद्यावर नुसतं धान्य सढळ हाताने टाकत राहिलं की प्रथिनं पातळ होतात, आणि हे पीस येण्याच्या ऐन काळात घडतं. धान्य एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नये. शंका फेडायला पंखातलं पूर्ण वाढलेलं एकच पीस मुळासकट उपटावं. अर्धवट कापलेलं पीस पुढच्या झडीपर्यंत नव्याने येत नाही, उपटलेलं सहा ते आठ आठवड्यांत येतं. सुधारलेल्या खाण्यावर नवं पीस नीट रंगात आलं तर जोड बदलायचं कारण नाही.

एकाच रंगाच्या मागे लागून उबवणी पडते तेव्हा

रंग बसतोय, पण फलित अंडी कमी आणि पिल्लं अंड्यातच मरतायत. आधी उबवणीचं यंत्र पाहावं: पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सियस, पहिले 18 दिवस आर्द्रता 45 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अंडी 13 ते 18 अंशांत, शक्यतो सात दिवसांच्या आतली. हे सगळं ठीक असूनही दर पिढीला निघणाऱ्या पिल्लांचं प्रमाण घटत असेल तर रक्त जवळ आलंय, म्हणजे जोड्या जवळच्या नात्यातल्या झाल्यात. भाऊ-बहीण किंवा बाप-लेक जोडीच्या एका पिढीतच आंतरप्रजननाचं प्रमाण 25 टक्क्यांवर जातं.

तीन कप्पे करावे, अ, ब आणि क. मुली आईच्याच कप्प्यात राहतील. दर वर्षी अ-चे मुलगे ब-मध्ये, ब-चे क-मध्ये, क-चे अ-मध्ये. पायातल्या रिंगचा रंग कप्प्याप्रमाणे ठेवावा आणि तो आईकडून मोजावा, म्हणजे नर हलले तरी हिशोब चुकत नाही. नवं रक्त आणायचंच झालं तर कोंबडी आणावी, आणि तिची पिल्लं सहा महिन्यांची होऊन रंग दाखवेपर्यंत ती एका कप्प्यापुरतीच ठेवावी.